दोष विचारू नका, हिशेब विचारा

‘नो-फॉल्ट’ हा शब्द आपल्याकडे दोन दारांनी आत आला. एक दार मोटारीच्या विम्याचे, दुसरे घटस्फोटाचे. दोन्ही दारांशी आपण त्याचा अर्थ चुकवला. कुणी त्याचे भाषांतर ‘निर्दोष’ असे करतो. कुणाला वाटते, याचा अर्थ चूक कुणाचीच नाही, सगळे माफ. मग एक गट म्हणतो, बघा, बेदरकार गाडी हाकणाऱ्यांना मोकळे रान दिले. दुसरा म्हणतो, संसार मोडणाऱ्यांना मोकळे रान दिले. दोघेही साप साप म्हणून भुई धोपटत आहेत.

‘निर्दोष’ हा शब्द आरोपी सुटला की वापरायचा. नो-फॉल्टमध्ये कुणी सुटत नाही. दोष असेल, डोंगराएवढाही असेल. पण एका ठरावीक कामापुरता तो विचारला जाणार नाही, एवढेच कायदा म्हणतो. मला यासाठी ‘दोषनिरपेक्ष’ हा शब्द बरा वाटतो. धर्मनिरपेक्ष राज्यात धर्म नसतो असे कुठे आहे? धर्म असतोच, फक्त रेशनकार्ड देताना तो विचारायचा नसतो. तसेच हे.

आपल्याला हे पचायला जड जाते, कारण दोष शोधणे हा आपला जुना छंद आहे. पत्रिकेत मंगळदोष, सुनेचा पायगुण, घरात मूल आजारी पडले तर घाड्याकडे जाऊन ‘दोष कुणाचा लागला’ असे विचारणे. देवाला कौल लावतानाही आपण बरे कसे होईल हे नंतर विचारतो, आधी कुणामुळे झाले ते विचारतो. अशा समाजाला कायदा येऊन सांगतो की बाबा, आधी जखमीला पैसे दे, दोष मागाहून बघू. राग यायचाच.

आधी विम्याचे बघू.

रस्त्यावर माणूस मेला तर भरपाई मिळण्यासाठी चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. १९७७ साली मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितले होते. आता सिद्ध कुणी करायचे? जो बघू शकत होता तो मेला. बायको घरी होती. साक्षीदार पोलीस, कोर्ट, तारखा यांना भिऊन पुढे येत नाही. पंचनाम्यात टायरच्या खुणा नीट नोंदल्या नसल्या की संपले. म्हणून १९८२ साली जुन्या मोटार वाहन कायद्यात ९२-अ हे कलम आले: दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी ७,५००. १९८८ च्या कायद्यात त्याचे १४० कलम झाले, रक्कम २५,००० आणि १२,००० झाली. १९९४ मध्ये ती ५०,००० आणि २५,००० वर गेली. त्याच वेळी १६३-अ कलम आले. त्यात वय आणि उत्पन्न यांच्या तक्त्यावरून दोष न विचारता पूर्ण भरपाई काढता येई.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा: चूक मेलेल्याचीच असेल तर? त्याने स्वतःच चुकीच्या बाजूने स्कूटर घातली असेल तर त्याच्या घरच्यांना पैसे का? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सुनील कुमार प्रकरणात याचे उत्तर दिले. १६३-अ खाली विमा कंपनीला ‘चूक मयताची होती’ हा बचाव घेताच येणार नाही. मला हे पूर्ण पटते. त्याची चूक असेलही, त्याच्या चार वर्षांच्या मुलीची कोणती चूक? शिवाय हा विमा सक्तीचा आहे. रस्त्यावर यंत्र आणणाऱ्या सगळ्यांकडून आपण हप्ता घेतो, कारण यंत्र रस्त्यावर आले की माणसे मरणार हे सगळ्यांना ठाऊक असते. तो हप्ता चारित्र्याच्या दाखल्यासाठी नसतो.

आणि ज्यांना वाटते की दोष न विचारल्यामुळे बेदरकार चालक सुटतो, त्यांना माझा साधा प्रश्न आहे. दोष सिद्ध झाला तर भरपाई कोण देतो? तेव्हाही विमा कंपनीच! चालकाच्या खिशातून सहसा दमडीही जात नाही. म्हणजे दोष सिद्ध करण्याच्या त्या सगळ्या खटाटोपात शिक्षा होत होती ती फक्त विधवेला, वर्षानुवर्षे खेटे घालण्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चालकाला शिक्षा करायची तर फौजदारी कायदा जागच्या जागी आहे. भारतीय न्याय संहितेच्या १०६ (१) कलमाखाली निष्काळजीपणाने जीव घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे दोष विचारतात आणि विचारलाच पाहिजे. प्रश्न तोच, फक्त योग्य खिडकीवर विचारायचा.

याच ओघात एक लहान गैरसमज काढून टाकतो. ‘नो क्लेम बोनस’ म्हणजे नो-फॉल्ट नव्हे. मागून कुणीतरी धडकले, तुम्ही स्वतःच्या पॉलिसीतून दुरुस्ती करून घेतली, की तुमचा साठवलेला बोनस जातो, आणि तुम्ही एजंटशी भांडता की माझी चूक नव्हती. तुमची चूक नव्हतीच. पण तो बोनस दावा न केल्याबद्दलचा आहे, नीट चालवल्याबद्दलचा नव्हे. तिथेही दोष कुणी विचारतच नाही. फरक एवढाच की या वेळी ते कंपनीच्या सोयीचे आहे.

इथपर्यंत मी नो-फॉल्टच्या बाजूने बोललो. आता सरकारशी भांडण. तत्त्व चांगले असले तरी रकमेत खोट असेल तर ती बोलाचीच कढी. १४० कलमाखालचे ५०,००० रुपये १९९४ पासून २०२२ पर्यंत, सत्तावीस वर्षांहून अधिक काळ, तसेच राहिले. या काळात पेट्रोल, सोने, मासळी, सगळ्यांचे भाव चढले, फक्त मेलेल्या माणसाचा भाव स्थिर! १६३-अ च्या तक्त्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४०,००० रुपये होती. महिना साडेतीन हजारही नव्हे. तीही २०१८ पर्यंत हलली नाही. आणि त्याच तक्त्यात एक ओळ होती, ती प्रत्येक घरात मोठ्याने वाचायला हवी होती: न कमावत्या बायकोचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरावे. पहाटे उठून पेज रांधण्यापासून रात्री दाराची कडी लावण्यापर्यंत राबणाऱ्या बाईचा हा सरकारी दर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, तरी तक्ता आणखी आठ वर्षे तसाच होता.

मे २०१८ मध्ये तक्ता बदलला. मृत्यूसाठी सरसकट ५ लाख आणि २०१९ पासून दरवर्षी ५ टक्के वाढ. वाटले, चला, उशिरा का होईना शहाणपण आले. पण २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने १४० आणि १६३-अ दोन्ही काढून टाकले आणि १ एप्रिल २०२२ पासून नवे १६४ कलम लागू झाले: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. दरवर्षीच्या वाढीचा कलमात उल्लेखही नाही. आणि खरी मेख पुढे आहे. पूर्वी १४० खालची रक्कम ही हातात पडणारी पहिली मदत होती. ती घेऊनही चालकाच्या निष्काळजीपणाबद्दलचा मोठा दावा चालू राहत असे. आता विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने देऊ केलेली १६४ खालची रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा दावा आपोआप संपतो.

याचा अर्थ आकड्यांत बघा. समजा, म्हापशातला एक पायलट, वय ३०, महिना २०,००० कमावणारा. घरी बायको, दोन मुले, आई. ट्रकची धडक बसून तो गेला आणि ट्रकचालकाचा दोष आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात घालून दिलेला हिशेब असा: वार्षिक २,४०,०००, पुढे वाढणाऱ्या कमाईबद्दल ४० टक्के मिळवून ३,३६,०००, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता २,५२,०००, त्या वयाचा गुणक १७. एकूण ४२,८४,०००. अंत्यविधी वगैरेच्या किरकोळ रकमा वेगळ्या. आणि दिवस-कार्य आटोपते न आटोपते तोच समोर येतो तो पाच लाखांचा कागद. घरात रोख नाही, शाळेची फी थकलेली. कोण सही करणार नाही? दोष न विचारण्याची सवलत अशी दावा विकत घेण्याचे साधन झाली तर तिला सवलत म्हणू नये. ज्या घरात अशी वेळ येईल त्यांना मी एवढेच सांगेन की सहीपूर्वी वकिलाकडून हा गुणाकार करून घ्या. दोष स्पष्ट असेल तर पाच लाखांवर थांबू नका. दोष सिद्ध होणे अवघड असेल तर तेच पाच लाख आधार आहेत. निवड डोळे उघडे ठेवून व्हावी.

धडक देऊन पळालेल्या वाहनाचीही तीच कथा. २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० मिळतात. गाडीचा नंबरही माहीत नसला तरी मिळतात, म्हणजे याहून दोषनिरपेक्ष काही असूच शकत नाही. आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच नोंदवावे लागले की या योजनेचा लाभ फारच थोडे लोक घेतात. कारण सांगायलाच कुणी नाही. नंतर पोलिसांनी घरच्यांना ही माहिती द्यावी, असा आदेश निघाला.

आता दुसऱ्या दाराकडे.

नो-फॉल्ट घटस्फोट म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. कॅलिफोर्नियाचा कायदा, रोनाल्ड रेगन यांनी १९६९ साली सही केलेला, १ जानेवारी १९७० पासून लागू. मग ‘ही पाश्चात्त्यांची फॅशन’ हे पालुपद. मंडळी, आपल्या घरच्या कपाटात काय आहे ते तरी बघा! पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही गेली आणि महिनाही पुरा झाला नव्हता तेव्हा, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा आला. तोच गोव्यात लागू झाला, आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने तो तसाच पुढे चालू राहिला. त्यात व्यभिचार, छळ, घर सोडून जाणे अशी दोषाची कारणे आहेतच. पण दोन वर्षांहून अधिक संसार झालेल्या आणि पंचविशी पार केलेल्या जोडप्याला परस्परसंमतीने वेगळे होण्याची वाटही आहे. शिवाय दोघे आपखुशीने सलग १० वर्षे वेगळे राहिले असतील, तर कारण काहीही असो, घटस्फोट मागता येतो. कॅलिफोर्नियाच्या साठ वर्षे आधी! उर्वरित भारतात हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचे १३-ब कलम यायला १९७६ साल उजाडले.

म्हणून लगेच कॉलर ताठ करायला नको. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की सारा देश गोव्याकडे बोट दाखवतो, आपणही खूश होतो. पण ज्या पोर्तुगालने तो नागरी कायदा दिला, त्याने स्वतः तो १९६७ मध्ये बदलून टाकला आणि २००८ मध्ये घटस्फोटातून दोष हा प्रकारच काढून टाकला. तिथे आता एक वर्ष वेगळे राहणे पुरते. आपण मात्र अजून १९१० च्या दहा वर्षांवर बसलो आहोत. तिशीत वेगळी झालेली बाई चाळिशीत मोकळी होणार, तेही तो वेगळेपणा ‘आपखुशीचा’ होता हे दाखवता आले तर.

गोव्याबाहेरची अवस्था आणखी वाईट. १३-ब ला लोक नो-फॉल्ट म्हणतात, पण त्यात संमती दोघांची लागते आणि ती शेवटपर्यंत टिकावी लागते. १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालापासून हे पक्के आहे. म्हणजे ज्याला घाई नाही तो सहीची किंमत लावतो. पोटगी सोड, दागिने सोड, मुलगा माझ्याकडे दे, मग सही करतो. आणि सही मिळत नसेल तर मागे राहते ते दोषाचे कोर्ट. तिथे छळ सिद्ध करायचा, व्यभिचार सिद्ध करायचा, बिछान्यातल्या गोष्टी अनोळखी कारकुनासमोर टाइप करून घ्यायच्या. मुलांना मोठेपणी वाचायला आईबापांनी एकमेकांवर केलेल्या आरोपांचे ताव तयार! विधी आयोगाने १९७८ मध्ये ७१ व्या अहवालात आणि पुन्हा २००९ मध्ये २१७ व्या अहवालात सांगितले की लग्न पुन्हा सांधण्यापलीकडे मोडले, हे घटस्फोटाचे कारण माना. २०१३ मध्ये राज्यसभेने तसे विधेयक मंजूरही केले. लोकसभेत ते बारगळले. मे २०२३ मध्ये घटनापीठाने शिल्पा शैलेश प्रकरणात ठरवले की सर्वोच्च न्यायालय १४२ व्या अनुच्छेदाखाली असा घटस्फोट देऊ शकते. फक्त सर्वोच्च न्यायालय! खानापुरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने मोडलेल्या संसाराचा दाखला आणायला दिल्ली गाठायची.

‘कारण सोपे केले तर संसार पटापट मोडतील’ हा विरोधकांचा मुद्दा. संसार मोडतो तो घरात. कोर्टात मोडतो तो त्याचा कागद. २०१८ मध्ये ओवेन्स खटल्यात इंग्लंडमधल्या सर्वोच्च न्यायालयाने एका स्त्रीला घटस्फोट नाकारला, कारण नवऱ्याचा दोष पुरेसा सिद्ध झाला नव्हता. ती केव्हाच वेगळी राहत होती. त्या निकालाने कुणाचा संसार वाचला? तिथे शेवटी कायदा बदलला आणि ६ एप्रिल २०२२ पासून दोष सांगण्याची गरज उरली नाही. अमेरिकेत ज्या राज्यांनी एकतर्फी घटस्फोटाची मुभा दिली, तिथे काय झाले याचा अभ्यास स्टीव्हन्सन आणि वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. दीर्घकाळात स्त्रियांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी घटल्या आणि घरातली मारहाणही घटली. दार उघडे आहे हे ठाऊक असले की हात उगारणाराही विचार करतो.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी खरा मानतो, आणि तोच महत्त्वाचा आहे. दोष विचारला जात नसेल तर नवरा उद्या उठून म्हणेल, जमत नाही, निघ. आणि ती कशाच्या बळावर निघणार? १९८५ मध्ये लेनोर वाइट्झमन यांनी लिहिले की कॅलिफोर्नियात घटस्फोटानंतर बायकांचे राहणीमान ७३ टक्क्यांनी कोसळले. १९९६ मध्ये त्याच माहितीची फेरतपासणी झाली तेव्हा खरा आकडा २७ टक्के निघाला. म्हणजे ओरड मोठी होती, पण खोटी नव्हती. आणि हे घडले ते मिळकतीची निम्मी वाटणी करणाऱ्या राज्यात! कारण घर विकून निम्मे दिले तरी नवऱ्याची नोकरी, त्याचे शिक्षण, त्याची पुढची पगारवाढ यांत बायकोचा वाटा कुणी धरला नव्हता.

इथे गोव्याकडे पुन्हा बघण्यासारखे आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता समाईक असते आणि निम्मी तिची असते. ती तिच्या वागणुकीचे बक्षीस नाही की पोटगीची भीक नाही, मालकी आहे. हिंदू विवाह कायद्यात मात्र कायमची पोटगी ठरवताना २५ व्या कलमाप्रमाणे पक्षकारांचे ‘वर्तन’ही बघतात. पुढच्या दाराने घालवलेला दोष मागच्या दाराने पुन्हा आत! तिथल्या तुलनेत आपला कायदा खरोखरच शहाणा आहे. पण घर सासऱ्याच्या नावावर, फ्लॅट कर्जात, धंदा दिराच्या नावावर असेल तर निम्म्याचे किती होतात? शून्याचे निम्मे शून्यच. कायदा पुस्तकात आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असे भाषणात म्हणणे सोपे आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. विमा असो वा विवाह, दोष न विचारणे हा न्यायाचा अर्धाच भाग आहे. दोषाचा प्रश्न काढून घेतला की त्याच्या जागी हिशेबाचा प्रश्न ठेवावा लागतो. रस्त्यावर मेलेल्याच्या घराला जगायला किती लागेल? राबलेल्या बाईचा वाटा किती? हे न विचारता नुसते ‘नो-फॉल्ट’ म्हटले तर त्याचा फायदा नेहमी बळकटाला होतो, मग तो विमा कंपनी असो की नवरा.

गोव्याच्या विधानसभेला दहा वर्षांची अट कमी करण्याचा विचार करता येईल. संसदेला १६४ कलमातली रक्कम महागाईशी जोडता येईल आणि ती स्वीकारल्यावर दावा बुडवणारी तरतूद काढता येईल. यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही. १९१० आणि २०१८ या दोन सालांत जे लिहिले होते ते नीट वाचले तरी पुरे. आणि आपण? शेजारच्या घरातली पोर माहेरी परतली किंवा कुणाचा मुलगा हायवेवर गेला, तर ‘चूक कुणाची होती हो?’ हा पहिला प्रश्न गिळून ‘आता त्यांचे भागते कसे?’ एवढे विचारू या. नो-फॉल्टचा अर्थ कळला असे मी तेव्हा म्हणेन.